अंजिराच्या दोन गुट्या

स्नेहलच्या हातात छत्री होती आणि तरी ती चिंब भिजली होती. कारण छत्री तिच्या डोक्यावर नव्हती, झाडाच्या खोडावर होती.

आषाढ सरत आला होता. कासारसाईच्या धरणावरून येणारा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. अर्ध्या तासापूर्वी ऊन दिसलं म्हणून तिनं घाईघाईनं मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप कालवून अंजिराच्या खोडाला फासला होता. लेप वाळायला तासभर तरी हवा. ऊन तेवढं थांबलं नाही. मग काय करणार... उभी राहिली छत्री धरून.

"खोली बघायला आलोय," मागून कुणीतरी म्हणालं. "पण आधी एक विचारू? झाडाला सर्दी झालीय का?"

तिनं वळून पाहिलं. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, हातात हेल्मेट, चष्म्यावर पावसाचे थेंब. चष्म्यामागचे डोळे मात्र अगदी गंभीर.

"सर्दी नाही. भिरूड लागलाय, खोड पोखरणारा किडा."

तो हसला नाही. पुढं आला, वाकला आणि खोडाच्या बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहिला. मग बोटाच्या पेरानं खोडावर टकटक केलं. आतून मडक्यासारखा आवाज आला.

"पोकळ झालंय," तो हळूच म्हणाला. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं, तसा.

त्याच्या त्या आवाजामुळंच असेल, स्नेहलला एकदम रडू येईलसं वाटलं. म्हणून ती जरा जास्तच कडक बोलली, "खोली वर आहे. जिना मागून. आत्याशी बोला."

त्याचं नाव निरंजन. मूळचा सांगोल्याचा, नोकरी हिंजवडीत. भूगावात फ्लॅट घेतला होता, पण ताबा मिळायला दिवाळी उजाडणार होती. तोवर तीन-चार महिन्यांपुरती खोली हवी होती. स्नेहलच्या आत्यानं, चंद्राबाईनं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दोनच गोष्टी विचारल्या, "रातीचा गोंगाट न्हाई ना करायचा? आन् चप्पल भाईर काढतुया का न्हाई?" दोन्ही उत्तरं पसंत पडली. खोली मिळाली.

आता त्या अंजिराची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अंजीर हे काही मुळशीच्या पावसाचं झाड नव्हे. ते पुरंदरचं, कोरड्या वाऱ्याचं, मुरमाड जमिनीचं. स्नेहलची आई अनसूया पुरंदरातल्या दिवे गावची. लग्न होऊन आली तेव्हा तुपाच्या रिकाम्या डब्यात अंजिराचं रोप लावून मांडीवर घेऊन आली. डब्याच्या तळाला पाणी जायला तिनं स्वतः खिळ्यानं भोकं पाडलेली. नवरा म्हणाला, "हितल्या पावसात त्ये टिकायचं न्हाई." ती म्हणाली, "मी टिकले तर तेही टिकेल." दोघंही टिकली. पावसाळी फळं दरवर्षी फुटून आंबायची, पण उन्हाळ्यातली... आई एक अंजीर दोन्ही अंगठ्यांनी उकलायची आणि आतला तो लाल मधाळ गाभा अर्धा स्नेहलच्या तोंडात घालायची. शेंड्यावरची फळं कुणी तोडायची नाहीत. "वरची पाखरांची, खालची आपली," असा तिचा कायदा होता.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात त्या झाडाचं नाव कुणी काढत नव्हतं. आणि यंदा स्नेहलच्या वडिलांनी, जयसिंगांनी, रस्त्याकडची पाच गुंठे जागा एका बिल्डरला दिली. झाड नेमकं त्याच पट्ट्यात. दसऱ्याला भूमिपूजन, त्याच दिवशी जेसीबी लागणार.

"झाड तसंबी पोकळ हाय," वडील म्हणाले होते. "एक वादळ आलं की आडवं."

स्नेहलनं भांडण केलं नाही. तिनं चार फांद्या कापून डब्यांत लावल्या. पावसानं चारही कुजल्या.

हे सगळं निरंजनला कळायला आठवडा लागला. त्यातलं निम्मं चंद्राबाईनं सांगितलं आणि निम्मं त्यानं खिडकीतून पाहिलं. जवळच्या माण गावच्या शाळेत चिमुरड्यांना शिकवून आली की स्नेहल आधी त्या झाडापाशी जायची आणि मग घरात.

एका संध्याकाळी तो खाली आला. "तुम्ही गुटी का बांधत नाही?"

"कसली गुटी?"

"गुटी कलम. आमच्याकडं डाळिंबाला करतात. शाळेतून आलो की दप्तर फेकायचं आणि पावसात गुट्या बांधायच्या, हेच आमचं लहानपण. फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या आणायच्या. मुळ्या आल्या की मग कापायची. कुजायचा प्रश्नच नाही."

"अंजिराला चालतं?"

"अंजिराला मी कधी केलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण झाडाला विचारून बघायला काय हरकत आहे?"

स्नेहलनं बोटांवर मोजलं. आज दशमी. दसऱ्याला अडीच महिने. "शिकवा मग. पण सांगून ठेवते, दिवसभर मी शिकवत असते. घरी मला कुणी शिकवलेलं सहज चालत नाही."

"मग मी शिकवत नाही. तुम्ही नुसतं बघा. आवडलं तर करा."

अवसेच्या दिवशी, घरात दिवे घासून पाटावर मांडलेले असताना, त्यांनी गुट्या बांधल्या. निरंजननं कुंपणाच्या जास्वंदीवर करून दाखवलं. अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी घेतली. चाकूनं वर एक गोल काप, इंचभर खाली दुसरा. मधली साल बांगडीसारखी सगळीकडून काढून टाकली. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं, त्यावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडला. त्याला मुळ्या फुटायची पावडर लावली, भिजवून पिळलेल्या शेवाळाचा गोळा लपेटला, वरून प्लास्टिक, आणि दोन्ही टोकांना सुतळी.

"लिमलेटची गोळी," स्नेहल म्हणाली.

"अगदी तशीच दिसायला हवी. आता तुम्ही."

सुतळी कमी पडली. ओट्यावर बसलेल्या जयसिंगांनी शेजारच्या गंजक्या डब्यातून गुंडी काढून फेकली. त्या डब्यात ते खिळे-मोळे ठेवायचे.

अंजिराच्या तीन फांद्या अजून धड होत्या. स्नेहलनं पहिलीला चाकू लावला आणि पांढरा चीक भळकन बाहेर आला. तिचा हात थांबला.

"दुखत नाही त्याला," निरंजन म्हणाला.

"तुम्हाला सांगितलं का त्यानं?"

तो शेवाळ पिळायला नळाकडं गेला. स्नेहलनं साल सोलायला घेतली. पुढून सोलली, बाजूनं सोलली... आणि मागच्या अंगाला, जिथं पटकन दिसणार नाही तिथं, करंगळीच्या नखाएवढी रुंद पट्टी तशीच ठेवली. सगळीकडून तोडायला तिचा हात होईना. तिन्ही फांद्यांना तिनं तसंच केलं. तो यायच्या आत पावडर फासून ती पट्टी दिसेनाशी केली.

संध्याकाळी चिकानं तिचे हात चुलीवर धरल्यासारखे चुरचुरू लागले. जिन्याच्या पायरीवर खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली होती. खाली कागद: 'आधी तेल, मग साबण. उलटं करू नका. — न शिकवणारा.'

तिनं तो कागद फेकला नाही.

श्रावण मग कसा गेला... तो काही तारखांनी आठवण्यासारखा नव्हता. निरंजन ऑफिसमधून आला की हेल्मेट न काढताच झाडापाशी जायचा. ती आधीच तिथं असायची. दोघं तीन गुट्यांकडं बघायचे, जणू कधीही आतून कुणी हाक मारेल. मग बोलणं झाडावरून सुरू व्हायचं आणि कुठंही जायचं. त्यानं सांगोल्याचं ऊन सांगितलं, तिनं पहिलीतली मुलं. एकदा त्याच्या चष्म्यावर पाऊस साचला तेव्हा तिनं ओढणीचं टोक पुढं केलं. त्यानं चष्मा पुसून परत घातला आणि उगाचच दुसऱ्यांदा काढून पुसला.

"आता काय राहिलं?" तिनं विचारलं.

"काच साफ आहे. समोरचं नीट दिसतंय का, ते बघत होतो."

ती वळून चालायला लागली... पण फार भरभर नाही.

ओट्यावरून चंद्राबाई ओरडायची, "इंजिनेर, त्या गुटीला नजर लावताय व्हय रं? आन् गुटीलाच लावताय ना?"

आणि जयसिंग वर्तमानपत्र वाचत असायचे. एकच पान, बराच वेळ.

गणपती बसले त्या दिवशी आरती झाल्यावर निरंजननं जास्वंदीची गुटी पाहिली. प्लास्टिकच्या आतून पांढऱ्या मुळ्यांची जाळी शेवयांसारखी दिसत होती. अंजिराच्या गुट्यांत मात्र काही नाही. तेच हिरवट शेवाळ. तिसरी फांदी तर वाळूनच गेली होती, भिरूड तिच्यापर्यंत पोचला होता.

"जास्वंद पावली, अंजीर रुसलंय," चंद्राबाई म्हणाली. हातात मोदकाचं ताट होतं, ते तिनं तसंच परत नेलं.

निरंजननं एक गुटी सोडली. शेवाळ बाजूला केलं. फांदी फिरवली. आणि थांबला. मागच्या अंगाची ती पट्टी आता चांगली फुगून रुंद झाली होती, सोललेल्या जागेवरून तिनं पूल बांधला होता.

त्यानं पट्टीवरून नुसतं बोट फिरवलं. तेच तिला जड गेलं.

"मीच ठेवली ती," स्नेहल म्हणाली. "तिन्हींना. तुमची पाठ असताना. सगळीकडून तोडवेना मला... वाटलं, एक धागा तरी राहू दे आईचा." तिनं सुटलेलं शेवाळ मुठीत दाबलं. "महिना घालवला मी. आता दसऱ्याच्या आत काय होणार?"

निरंजन झाडाच्या बुंध्याशी बसला. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"एक सांगू? शिकवत नाहीये," तो म्हणाला. "पानं अन्न तयार करतात ना, ते सालीतून खाली मुळांकडं उतरतं. वाट पूर्ण बंद झाली की ते तिथंच साठतं, मग फांदीला कळतं की आता आपलं आपण बघायचंय. ती मुळ्या काढते. एक धागा जरी राहिला, तरी ती जुन्या मुळांच्या भरवशावर बसते. मुळ्या कशाला काढेल?"

"म्हणजे लाडावते."

"लाडावते. पण पुढचं ऐका. पाणी सालीतून चढत नाही, आतल्या लाकडातून चढतं. साल सगळी काढली तरी झाड तिला पाणी पाजतच असतं. शेवटच्या दिवसापर्यंत. साल तुटते... पाणी तुटत नाही."

ओट्यावरचं वर्तमानपत्र सळसळलं आणि शांत झालं.

"तुम्ही सोला," स्नेहलनं चाकू पुढं केला. "तुमच्या हातून चुकणार नाही."

"मी सोललं तर ती माझी गुटी होईल. आईचं झाड तुमचं आहे." त्यानं फांदी दोन्ही हातांनी धरली. "मी नुसती धरतो. हलू देत नाही."

त्या संध्याकाळी, घराघरातून झांजा वाजत असताना, उरलेल्या दोन फांद्यांवर नव्या जागी तिनं साल सोलली. पुढून, बाजूनं, मागून. शेवटची पट्टी निघताना तिनं डोळे मिटले नाहीत. फांदी धरलेल्या त्याच्या बोटांवर चीक ओघळला, तरी त्यानं हात काढला नाही. नंतर तेल तिनंच आणलं. बाटली पायरीवर ठेवली नाही. त्याच्या हातावर ओतली.

गणपती ते दसरा, दिवस छत्तीस.

पितृपंधरवड्यात काही नाही. घट बसले, तरी काही नाही. मधेच निरंजनला फोन आला, भूगावच्या फ्लॅटचा ताबा लवकर मिळतोय, दसऱ्यालाच किल्ली. त्यानं ते जेवताना सांगितलं. "चांगलं झालं," स्नेहल म्हणाली आणि ताटातली भाकरी बराच वेळ कुस्करत राहिली.

सातव्या माळेला सकाळी ती झाडापाशी गेली. प्लास्टिकवरचं दव ओढणीनं पुसलं. आत, शेवाळातून, पांढरा एक दोरा. मग दुसरा. दुसऱ्या गुटीत पाच. ती ओरडली नाही. तिथंच उभी राहिली, आणि वरच्या खिडकीतून तो बघत होता, त्याला नुसतं तिच्या उभं राहण्यावरून कळलं. तो अनवाणीच जिना उतरला.

"अजून दोन दिवस राहू दे," तो कुजबुजला, जणू मुळ्या झोपल्यात. "थोड्या पिवळसर होऊ देत. नवमीला संध्याकाळी कापू."

दोघांच्याही लक्षात आलं नाही की ती नवमी खंडेनवमी.

नवमीला संध्याकाळी स्नेहल चाकू शोधू लागली. चाकू नाही. कोयता नाही. विळीसुद्धा नाही. देवघरात चंद्राबाईनं सगळी हत्यारं मांडून ठेवली होती. कोयता, कुदळ, विळी, चाकू, प्रत्येकाला कुंकू आणि झेंडूचं फूल. शेवटी निरंजनचा लॅपटॉप. त्यालाही कुंकू.

"आत्या, एक चाकू..."

"आज हत्यार उचलायचं नसतंय. पूजा बसलीया. उद्या सकाळी आरती झाली की घे."

"उद्या सातला जेसीबी येणार आहे."

"मग आरती सहाला करू. पर आज न्हाई. तुज्या आईनं कंदी उचललं न्हाई, तू बी उचलू नगंस."

आईचं नाव आलं आणि स्नेहल देवघरातून माघारी वळली.

दसऱ्याला जेसीबी सातला आला नाही. पावणेसहाला आला. मुहूर्त लवकरचा निघाला होता. आरतीचं निरांजन अजून पेटायचं होतं. इंजिनाच्या घरघरीनं स्नेहल बाहेर धावली. कुंपणाच्या तारा काढून झाल्या होत्या आणि यंत्राचा पिवळा पंजा अंजिरापासून वीस पावलांवर होता. निरंजन झाडापुढं उभा राहून ड्रायव्हरला हातवारे करत होता. ड्रायव्हर हिंदीत म्हणत होता, साहेब, पाच मिनिटं सांगता, मला दिवसभराचं काम आहे.

तेवढ्यात जयसिंग घरातून बाहेर आले. हातात कोयता. पात्यावर कालचं कुंकू, मुठीला झेंडू लटकलेला.

"दादा, आरती..." चंद्राबाई मागून म्हणाली.

"हत्यार पुजलं कशासाठी? कामाला यावं म्हणूनच ना." ते ड्रायव्हरकडं वळले, "रुक जा भाऊ. घरची लेक न्यायची हाय." आणि कोयता त्यांनी स्नेहलच्या हातात दिला. "घे. तूच."

निरंजननं फांदी धरली. गुटीच्या खालच्या गाठीखाली स्नेहलनं पातं टेकवलं. एक हात तिनं खोडावर ठेवला, पोकळ, खडबडीत, अजून थोड्या निळ्या लेपाच्या खोडावर. मग कापलं. एक. मग दुसरी. चीक आला, थोडाच.

दोन रोपं तिच्या हातात होती. प्लास्टिकमधून मुळ्या दिसत होत्या, ज्यांना आता कुणाचाच भरवसा नव्हता आणि तरी त्या जिवंत होत्या.

मागं झाड पडल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. पोकळच होतं ते.

परसात, विहिरीजवळच्या उंच जागी, एक रोप लागलं. जयसिंगांनी खड्डा आधीच खणून ठेवला होता. केव्हा, ते कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्यासाठी निरंजननं काळी पिशवी आणली होती. त्यानं रोपाची निम्मी पानं खुडली, म्हणजे नव्या मुळ्यांवर भार नको. खुडलेलं एक पान हातात घेऊन तो जरा घुटमळला आणि ते तिच्यापुढं धरलं.

"आपटा आणायला वेळ मिळाला नाही. सोनं घ्या."

"ह्या पानानं हात खाजतात."

"तेल आहे माझ्याकडं."

स्नेहलनं पान घेतलं. खडबडीत, पाच बोटांचं, हातासारखंच.

"हे दुसरं रोप..." तो म्हणाला. नजर रोपावर होती. "मी नेऊ का? भूगावला गॅलरीत थोडे दिवस, मग सांगोल्याला आमच्या बांधावर. तिथं पाऊस नाही, कोरडं ऊन. त्याला मानवेल."

"नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, जरी त्यावर पाणी नव्हतं.

"आमच्याकडं अंजिराचं रोप एकटं जात नाही," स्नेहल हळू म्हणाली. "मागच्या वेळी गेलं तेव्हा बरोबर दिवे गावची मुलगी गेली होती."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा चष्मा अजून हातातच होता आणि त्याशिवाय त्याला समोरचं अगदी नीट दिसत होतं.

"मग... मी कुणाला विचारू?"

"मला विचारलंत की आत्ता. मी सांगितलं." ती हसली आणि लगेच तिचं हसू विझलं. ओट्याकडं बघत ती म्हणाली, "पण बाबा इथं एकटे..."

जयसिंग ओट्यावर खाली वाकून काहीतरी करत होते. खिळे फरशीवर ओतल्याचा खळखळाट झाला. ते उठले, गंजका डबा धोतराच्या सोग्यानं आतून पुसत आले आणि निरंजनच्या हातातली काळी पिशवी त्यांनी बाजूला सारली.

"ह्यात लाव," ते म्हणाले. "आन् माजी काळजी करू नगंस, पोरी. आत्या हाय, परसात झाड हाय. तुजा इंजिनेरच सांगत हुता न्हवं... साल तुटती, पानी तुटत न्हाई."

स्नेहलनं डबा हातात घेतला, उजेडाकडं धरला. आत कित्येक वर्षांचा गंज होता, आणि तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं. आठ-दहा, वाकडीतिकडी, घाईत पाडलेली. त्यांतून दसऱ्याचं कोवळं ऊन तिच्या तळहातावर सांडलं.